माउंट इस्टेट ते राणीची बाग : खासगी जमिनीचे सार्वजनिक उद्यान कसे झाले

जिझानच्या बाजारात संध्याकाळी मोगऱ्याचे गजरे विकायला येतात. तिथे मोगऱ्याला ‘फुल्ल’ म्हणतात, आणि मराठी कानाला तो शब्द आपल्याच घरातला वाटतो. तांबड्या समुद्राच्या काठावरील हा प्रदेश आंब्यासाठीही ओळखला जातो. भारतातून गेलेल्या जातींसह अनेक जातींचे आंबे इथल्या शेतांत पिकतात आणि हंगामात आंब्याचा महोत्सवही भरतो. तेलशुद्धीकरण प्रकल्प, रुग्णालये आणि विद्यापीठ यांच्या निमित्ताने आलेल्या मराठी माणसाला या मुलुखात गावाकडच्या दोन गोष्टी अशा अनपेक्षितपणे भेटतात. झाडे माणसांबरोबर प्रवास करतात, आणि नव्या जमिनीत रुजली की काही पिढ्यांनी ती मूळची कुठली होती हे कोणी विचारत नाही.

असा प्रवास करून आलेल्या झाडांचा भारतातील एक अतिशय समृद्ध संग्रह मुंबईत भायखळा स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे त्याचे अधिकृत नाव. मुंबईकरांच्या तोंडी मात्र अजूनही ‘राणीची बाग’. या बागेची ओळख बहुतेकांना वाघ, हत्ती आणि अलीकडे पेंग्विन यांच्यामुळे आहे. ती मुळात वनस्पतिउद्यान आहे, प्राणी तिथे सुमारे तीन दशकांनंतर आले, आणि त्याही आधी ही जमीन ‘माउंट इस्टेट’ नावाने ओळखली जाणारी माझगावची एक मालमत्ता होती, हे फारसे कोणी सांगत नाही. बागेच्या भवितव्यावर गेली १५ ते २० वर्षे जो वाद चालू आहे, तो समजण्यासाठी ही मागची बाजू माहीत असणे आवश्यक आहे.

माझगावची जहागीर

मुंबई सात बेटांची होती त्या काळात माझगाव हे त्यांतील एक बेट. नावाची व्युत्पत्ती कोणी मासळीशी जोडतात, तर कोणी ‘माझे गाव’ अशी सोपी फोड करतात. आगरी, कोळी आणि भंडाऱ्यांची वस्ती, नारळी, आमराया आणि खाडीचे पाणी असे त्याचे जुने रूप होते. १५७२ मध्ये पोर्तुगालच्या राजाने हे बेट डिसोझा घराण्याला वंशपरंपरागत इनाम दिले. पुढे पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली, तरी माझगावच्या जमीनदारीचे प्रश्न बराच काळ लोंबकळत राहिले. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर स्वारी केली तेव्हा माझगाव त्याच्या ताब्यात गेले, आणि पुढच्या वर्षी परत जाताना त्याने तिथला किल्ला जाळला. त्या काळात रुस्तमजी दोराबजी या पारशी गृहस्थाने कोळ्यांना एकत्र करून प्रतिकार केला आणि त्याच्या घराण्याला ‘पाटील’ हा किताब मिळाला, ही हकीकत मुंबईच्या जुन्या इतिहासग्रंथांतून आवर्जून सांगितली जाते.

माझगावचा आंबा हा त्या काळी दंतकथेचा विषय होता. इथली काही झाडे वर्षातून दोनदा फळतात, अशी त्यांची ख्याती होती. ही कीर्ती इतक्या दूर गेली की आयरिश कवी थॉमस मूर याच्या १८१७ च्या ‘लल्ला रूख’ या काव्यातही माझगावच्या आंब्याचा उल्लेख आला. आज त्या आमरायांच्या जागी गोदी, गोदामे आणि पाणबुड्या बांधणारी जहाजगोदी आहे. माझगावचा आंबा म्हणून दाखवावे असे काही आता शिल्लक नाही. जिझानच्या बाजारात आंबा निवडणाऱ्या मुंबईकराला ही माहिती थोडी विचित्र वाटेल.

अठराव्या शतकात कोट विभागात दाटी वाढली, तेव्हा कंपनीचे अधिकारी आणि धनिक व्यापारी कोटाबाहेर राहायला जाऊ लागले. त्यासाठी त्यांनी माझगाव, भायखळा आणि परळ निवडले. समुद्राचा वारा, उंचवटे आणि झाडी यांमुळे इथे बागबंगल्यांची रांगच उभी राहिली. मुंबईच्या इंग्रजीत नारळीपोफळीच्या अशा जागांना ‘ओर्ट’ म्हणत. तो पोर्तुगीज ‘ओर्ता’ म्हणजे बाग या शब्दाचा अपभ्रंश. मराठीत तिलाच ‘वाडी’ म्हणतात, आणि गिरगावातल्या कित्येक वाड्यांच्या नावांत ती स्मृती अजून आहे. माझगावच्या टेकडीवरील ‘बेल्व्हेडिअर’ या बंगल्यातून जानेवारी १७७३ मध्ये एलायझा ड्रेपर ही कंपनीच्या अधिकाऱ्याची पत्नी रात्री पळून गेली. लॉरेन्स स्टर्न या इंग्रज कादंबरीकाराशी असलेल्या तिच्या स्नेहामुळे हे प्रकरण इंग्लंडच्या साहित्यविश्वातही गाजले. खिडकीतून दोरीने उतरून ती जहाजाच्या होडीत बसली, असे सांगतात. तेवढा तपशील खरा असो वा नसो, त्या काळचे माझगाव कसे होते याची कल्पना त्यातून येते : बंगल्याखाली समुद्र, आणि मागे झाडी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे चित्र बदलू लागले. १८५३ मध्ये रेल्वे आली, १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली. धूर, कामगारवस्ती आणि गोद्या पूर्वेकडे सरकल्या, तसे श्रीमंत लोक मलबार हिलकडे निघून गेले. परळचा गव्हर्नरचा प्रासादही अखेर सुटला. १८९९ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा तिथे आली; आजची हाफकिन संस्था ती हीच. उमरावांच्या वापरातून सुटलेल्या अशा जागांचे पुढे काय झाले, याचे मुंबईत अनेक प्रकार दिसतात. काहींच्या गिरण्या झाल्या, काहींच्या चाळी. माउंट इस्टेटच्या वाट्याला बाग आली.

संस्था, शेठ आणि साहेब

१८३० मध्ये मुंबईत ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. नवी पिके, नवी झाडे आणि सुधारित बागायत यांचे प्रयोग करणे हे तिचे काम. सरकारने तिला शिवडीला जागा दिली आणि तिथे वनस्पतिउद्यान तयार झाले. त्या जागेवर पुढे युरोपियनांच्या दफनभूमीची गरज सरकारला अधिक तातडीची वाटली. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी आजही आहे, आणि तिच्या मुळाशी एक हलवलेली बाग आहे. संस्थेने मग माझगावची माउंट इस्टेट ही ३३ एकर जमीन मिळवली आणि तिथे नव्याने मांडणी केली.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते बाग लोकांसाठी खुली झाली. व्हिक्टोरिया राणीच्या नावावरून ती ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’, आणि लोकांनी तिचे भाषांतर करून टाकले : राणीची बाग. त्याच आवारात वस्तुसंग्रहालयाची इमारत उभारायला सुरुवात झाली. ते संग्रहालय आधी कोटातल्या बराकीत होते आणि १८५७ च्या धामधुमीत त्याचा संग्रह अक्षरशः रस्त्यावर आला होता. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी तो पुन्हा गोळा केला. त्यांच्याबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड यांनीही कष्ट घेतले. नाना शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय आणि डेव्हिड ससून यांसारख्या शेठांनी पैसा उभा केला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव गगनाला भिडलेले असताना मुंबईत देणग्या सहज मिळत होत्या. १८६५ मध्ये तो फुगा फुटला, आणि अनेक सार्वजनिक कामांप्रमाणे संग्रहालयाचे कामही अडले. २ मे १८७२ रोजी ते अखेर उघडले. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. २००३ ते २००८ या काळात त्याचे जे जतन झाले, त्याला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा पुरस्कार मिळाला, आणि ते योग्यच होते. मुंबईतल्या एखाद्या जुन्या इमारतीला हात लावल्यावर ती अधिक सुंदर झाल्याची उदाहरणे फार नाहीत.

इथे जरा थांबून दुसरीकडे पाहिले, तर मुंबईच्या बागेचे वेगळेपण लक्षात येते. युरोपात, विशेषतः जर्मनीत, जुन्या जमीनदारी इस्टेटींची सार्वजनिक उद्याने होण्याची मोठी परंपरा आहे. म्युनिकचे इंग्लिश गार्डन १७८९ मध्ये राज्यकर्ता कार्ल थिओडोर याच्या आज्ञेने त्याच्याच मालकीच्या भूमीवर सुरू झाले. प्रिन्स प्युक्लर याने १८१५ पासून मुस्काऊ येथील आपल्या इस्टेटीवर नदी, कुरणे आणि वृक्षसमूह यांची अशी रचना केली की ती निसर्गाचीच वाटावी. त्या नादात तो कर्जबाजारी झाला आणि १८४५ मध्ये त्याला मुस्काऊ विकावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच उद्यानातून जर्मनी आणि पोलंडची सीमा गेली, आणि २००४ मध्ये दोन्ही देशांनी मिळून ते जागतिक वारसा यादीत नेले. या कथांत एक समान धागा आहे : ज्याची इस्टेट, त्यानेच तिचे सौंदर्य घडवले, जनता नंतर आली.

राणीच्या बागेत क्रम उलटा आहे. इथल्या जुन्या मालकाची हौस आज कुठेही दिसत नाही. जे दिसते ते वर्गणीदारांच्या एका संस्थेने, इंग्रज वनस्पतिप्रेमींनी, पारशी, यहुदी आणि मराठी धनिकांनी, आणि त्यांच्या हाताखालच्या माळ्यांनी घडवले आहे. १८७३ मध्ये ती संस्था विसर्जित झाली आणि बाग मुंबई महापालिकेकडे आली. त्यानंतरची दीडशे वर्षे तिची मालक पालिका आहे. संस्थेचे नाव मिटले, पण पुण्याची एम्प्रेस गार्डन पुढे त्याच नावाच्या संस्थेच्या देखरेखीखाली राहिली, ही नोंद वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना रंजक वाटेल.

बाग पालिकेकडे गेल्याचा सर्वांत मोठा लाभ गिरणगावाला झाला. लालबाग, परळ, चिंचपोकळी इथल्या चाळींत एका खोलीत दहा-दहा माणसे राहत. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगाराला सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जाण्यासारखी, जवळजवळ फुकट, सावलीची जागा म्हणजे ही बाग. मुंबईत आलेल्या पाहुण्याला म्हातारीचा बूट, गेट वे आणि राणीची बाग दाखवल्याशिवाय परत पाठवायचे नाही, असा अलिखित नियम कित्येक घरांत होता. एखाद्या जमीनदाराच्या आवाराचे सार्वजनिक होणे याचा खरा अर्थ इथे दिसतो : ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांना अंगण मिळाले.

झाडांची वंशावळ

बागेत ३ हजारांहून अधिक झाडे आणि वृक्षांच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत. वेली, झुडपे आणि वनौषधी धरल्या तर हा आकडा याहून कितीतरी वाढतो. मुंबईसारख्या शहरात एका कुंपणात एवढी विविधता दुसरीकडे नाही.

त्यांतील काही झाडांपाशी थांबावेच लागते. गोरखचिंच हे आफ्रिकेतील झाड, हत्तीच्या पायासारखा फुगीर बुंधा असलेले. ते अरब आणि आफ्रिकी खलाशांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आले असावे, असा अभ्यासकांचा सर्वसाधारण समज आहे. ओमानच्या धोफार प्रांतातही ते वाढते, म्हणजे अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर हा पाहुणा रुजला आहे. जिझानच्या डोंगरांत, फैफाच्या परिसरात, रानात आढळणारे अडेनियम पाहिले की त्याच्या जाड, पाणी साठवणाऱ्या खोडात गोरखचिंचेची लहान आवृत्ती दिसते. दोघांचे कूळ वेगळे आहे. कोरड्या ऋतूला दिलेले उत्तर मात्र सारखे आहे. तेच अडेनियम पुण्या-मुंबईच्या बाल्कन्यांत कुंडीत विराजमान असते आणि त्याला पाणी जास्त घालून मारण्याचा मान बहुतेक मराठी घरांनी मिळवला आहे.

उर्वशी हे राणीच्या बागेचे भूषण. मूळ म्यानमारचे. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनिएल वॉलिच याने गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी ॲम्हर्स्ट यांच्या सन्मानार्थ त्याचे शास्त्रीय नाव ठेवले. लांब देठांना उलटी लटकणारी, शेंदरी-लाल, पिवळ्या ठिपक्यांची फुले पाहिल्यावर मराठीत त्याला अप्सरेचे नाव का मिळाले ते विचारावे लागत नाही. या झाडाला बी क्वचितच धरते आणि दमट हवा लागते, म्हणून ते जगभर दुर्मीळ आहे. एक उर्वशी तोडली तर तिच्या जागी दुसरी लावू, असे सहज म्हणता येत नाही.

कृष्णवडाची पाने बुडाशी द्रोणासारखी वळलेली असतात. कृष्णाने चोरलेले लोणी त्यांत लपवले, अशी लोककथा आहे. कैलासपती दक्षिण अमेरिकेतून आला, पण त्याच्या फुलात शिवलिंगावर फणा धरलेला नाग दिसतो म्हणून तो मंदिरांच्या आवारात जाऊन बसला. परकेपण इतके पुसले गेले की त्याला कोणी परदेशी मानत नाही. मेणबत्तीच्या झाडाची फळे खरोखर मेणबत्त्यांसारखी लोंबतात. मुचकुंदाची मोठी पाने आणि वाळल्यावरही सुगंध न सोडणारी फुले, व्हेनेझुएलाच्या ब्राउनियाचे लालभडक झुबके, मादागास्करहून आलेली किलबिली… यादी करत बसण्यात अर्थ नाही, पण हे एवढे तरी सांगणे भाग आहे, कारण पिंजऱ्यांकडे धावणाऱ्या गर्दीतील बहुतेकांना आपण कशाखालून चाललो आहोत हे माहीत नसते.

दगडी हत्ती आणि हद्दपार पुतळे

संग्रहालयाच्या बाजूला उभा असलेला दगडी हत्ती हा घारापुरीचा. ज्याच्यामुळे पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले, तोच तो. १८१४ मध्ये त्याची मान तुटली. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून ठेवले गेले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. आज लहान मुले त्याच्याशेजारी उभी राहून छायाचित्र काढतात. एखाद्या बेटाला नाव देणारा हत्ती बेटावर नाही, हे मुंबईच्या इतिहासाला साजेसेच आहे.

बागेत शिरताना दिसणारी कमान, डेव्हिड ससून यांच्या स्मरणार्थ उभा असलेला घड्याळ मनोरा, ग्रीको-रोमन धाटणीचे फ्रिअर मंदिर, जुने वाद्यवृंदगृह ही मूळ मांडणीची अंगे आहेत. १९६५ मध्ये शहरातील चौकांमधून काढलेले राजवटीचे काही पुतळे इथे आणले गेले. ज्याच्यामुळे काळा घोडा या भागाला नाव मिळाले तो अश्वारूढ पुतळाही त्यांत होता. सन्मानाने उभारलेले आणि नंतर नकोसे झालेले दगड-धातू ठेवायला बाग ही सोयीची जागा ठरली. झाडांना अशा शेजाऱ्यांचा त्रास नसतो.

प्राणी आले, आणि त्यांच्यामागून प्रश्न

१८९० मध्ये बागेला आणखी १५ एकर जोडून प्राणिसंग्रहालय सुरू झाले. पुढे एकूण क्षेत्र ५३ एकरांच्या घरात गेले. इथूनच वनस्पती आणि प्राणी यांची एका जागेसाठी ओढाताण सुरू झाली, असे म्हणायला हरकत नाही. व्हिक्टोरियन काळातील पिंजरे छोटे होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्राण्यांना त्यांच्या अधिवासासारखी मोकळी जागा हवी, हा विचार भारतातही रुजला आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचे नियम आले. विचार अगदी रास्त. पण ५३ एकरांच्या, झाडांनी भरलेल्या आवारात मोकळी जागा आणायची कुठून?

२००७ मध्ये पालिकेने थायलंडच्या सल्लागारांकडून सुमारे ४३३ कोटी रुपयांचा पुनर्विकास आराखडा पुढे आणला. त्यात प्राण्यांसाठी मोठी प्रदर्शनदालने होती. आराखड्यातील बांधकामाखाली झाडे जातील, या भीतीने वनस्पतिप्रेमी नागरिकांनी समिती स्थापून विरोध उभा केला. पत्रके, वृक्षगणना, न्यायालयीन दाद, शाळांच्या सहली, लेख या सर्व मार्गांनी त्यांनी बाग हे वनस्पतिउद्यान आहे ही गोष्ट लोकांपुढे पुन्हा मांडली. बाग वारसा यादीत असल्यामुळे मुंबई वारसा संवर्धन समितीचे मत आवश्यक होते. तिच्या आक्षेपांनंतर मूळ आराखडा मागे पडला आणि पुढे तो बराच आटोपशीर करून अमलात आला.

या वादात वरवर न दिसणारा एक तांत्रिक मुद्दा आहे, आणि तोच खरा कळीचा आहे. ‘एकही झाड तोडणार नाही’ हे आश्वासन पुरेसे नसते. मोठ्या झाडाची अन्न-पाणी शोषणारी मुळे खोल नसून पृष्ठभागाच्या जवळ, फांद्यांच्या विस्ताराच्याही पलीकडे पसरलेली असतात. त्या मातीवरून अवजड यंत्रे गेली की माती दाबली जाते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या बंद होतात आणि मुळे गुदमरतात. बुंध्याभोवती काँक्रीट किंवा फरसबंदी केली की पावसाचे पाणी आत जात नाही. खणताना एका बाजूची मुळे तुटली की झाडाचा तोल जातो. अशा झाडाचा मृत्यू कामाच्या वर्षात होत नाही. तो तीन-चार पावसाळ्यांनी, एखाद्या वादळात होतो, आणि नोंदीत ‘झाड पडले’ एवढेच लिहिले जाते. त्यामुळे झाड वाचवणे म्हणजे त्याच्याभोवतीची जमीन मोकळी ठेवणे. बागेत जी जागा ‘रिकामी’ दिसते ती रिकामी नसते.

जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरील हे पक्षी वातानुकूलित दालनात ठेवले आहेत. त्यांतील एक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावला, टीका झाली, राजकारणही झाले. मार्च २०१७ मध्ये दालन खुले झाल्यावर मात्र लोकांनी रीघ लावली. त्याच वर्षी प्रवेशशुल्क प्रौढांसाठी ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. आई-वडील आणि दोन मुले अशा कुटुंबासाठी १०० रुपये ठरले. परदेशातील वाचकाला ही रक्कम क्षुल्लक वाटेल. पण ज्या बागेचा इतिहास चाळीतल्या माणसाच्या रविवारशी जोडलेला आहे, तिथे दहापट वाढीचा अर्थ वेगळा असतो. पेंग्विन पाहायला आलेला मुलगा गोरखचिंचेपाशीही थांबेल, अशी आशा पालिका बाळगू शकते. त्यासाठी झाडांवर ठळक, मराठी आणि शास्त्रीय अशा दोन्ही नावांच्या पाट्या असणे हा स्वस्तातला उपाय आहे, आणि तो अधिक मनापासून व्हायला हवा.

एक आशादायक गोष्टही घडली आहे. शेजारच्या मफतलाल गिरणीची सुमारे ७ एकर जागा पालिकेला मिळाली, आणि प्राणिसंग्रहालयाचा विस्तार तिकडे करण्याची कल्पना पुढे आली. म्हणजे एकेकाळी ज्या गिरणीच्या कामगारांना बागेची सावली लागत होती, तिचीच जमीन आता बागेच्या मदतीला येऊ शकते. जुन्या वनस्पतिउद्यानातील दाब कमी करण्याचा याहून शहाणा मार्ग दिसत नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्राने वृक्षसंरक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ हा दर्जा देण्याची तरतूद केली. राणीच्या बागेत अशा झाडांची कमतरता नाही. त्या तरतुदीचा प्रत्यक्ष वापर किती काटेकोरपणे होतो, यावर बरेच अवलंबून राहील.

सौदी अरेबियात या प्रश्नाचे वेगळे रूप पाहायला मिळते. रियाधच्या जुन्या हवाई तळाच्या जागेवर १६ चौरस किलोमीटरहून मोठे किंग सलमान उद्यान उभे राहत आहे, आणि २०२१ पासून देशभर वृक्षलागवडीची मोठी मोहीम चालू आहे. जिझानपासून जवळच्या फरसान बेटावर मोत्यांच्या व्यापाऱ्याने १९२० च्या दशकात बांधलेला, चुन्याच्या नक्षीचा अल-रिफाई वाडा आता पर्यटकांना दाखवला जातो. खजुरीच्या हंगामात बेटवासी जिथे मुक्कामाला जात, ते कसार गावही वारसास्थळ म्हणून जपले आहे. खासगी आवारे लोकांसाठी उघडण्याची प्रक्रिया तिथेही चालू आहे. पण जिथे वर्षभराचे सरासरी तापमान ३० अंशांच्या आसपास राहते, तिथे नव्याने लावलेल्या प्रत्येक रोपाला कित्येक वर्षे पाणी घालावे लागते, आणि सावली मिळायला एक पिढी जाते. ज्याने हे जवळून पाहिले आहे, त्याला भायखळ्यातल्या दीडशे वर्षांच्या झाडाची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

रजेवर येणाऱ्यांसाठी

बाग बुधवारी बंद असते. भायखळा स्थानकाच्या पूर्वेकडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने चालत गेले तरी चालते. उर्वशी पाहायची असेल तर हिवाळ्याच्या अखेरीस, साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये जावे. गोरखचिंचेची पांढरी फुले पावसाळ्याच्या तोंडाशी रात्री उमलतात आणि सकाळी गळून पडतात, म्हणून फाटक उघडताच पोहोचलेल्यालाच ती जमिनीवर ताजी सापडतात. किलबिली पावसाळा संपताना फुलते. कैलासपतीला ऋतूचे फारसे बंधन नाही. त्याची फुले थेट खोडावर येतात, त्यामुळे मान वर करण्याचीही गरज पडत नाही. संग्रहालयाचे तिकीट वेगळे घ्यावे लागते, आणि त्यासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवावा.